मूठ आवळा, आता सोडा

बायकोच्या माहेरची सगळी घरं एकाच आठवड्यात हिंडून यायचा योग ज्यांना आलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लोक केदारनाथला जातात, दुबईला जातात, आल्यावर फोटो दाखवतात. आम्ही दोघं परभणीहून झरीला गेलो, मानवतला गेलो, जिंतूरच्या पुढं डोंगरात गेलो आणि घरी आलो. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं नाही. फोटो एकही नाही. तरी एवढा मोठा प्रवास मी जन्मात केलेला नाही, आणि आल्यापासून मला सारखं हसू येतंय. मी तसा कमी बोलणारा. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली जळालेली पाणबुडी मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. तिथं बोलायचं काम मोटारीनंच करायचं असतं. पण या वेळी सगळं लिहून टाकतो, न लपवता.

निमित्त होतं मंगलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मुठीचं. तिनं एखादी वस्तू घट्ट धरली की हात लगेच सुटायचा नाही. झाडू टाकायचा म्हटलं तर बोटं एकेक करून उघडायची, जणू कुणी आतून धरून ठेवलंय. बराच वेळ बसून उठली की पाय लाकडासारखे. पहिली काही पावलं काठ्यांवर चालल्यासारखी टाकायची, मग एकदम मोकळी व्हायची आणि माझ्या पुढं निघून जायची. दचकली तर उभ्या उभ्या ताठ होऊन पडायची. थंडीत जास्त. लहानपणापासून थोडं थोडं होतंच, पण गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत फारच वाढलं. आम्ही सगळं केलं. कॅल्शियम झालं, थायरॉइड झालं, मानेचा पट्टा झाला, ‘टेन्शन घेऊ नका’ झालं, शेजारणीच्या सांगण्यावरून एका बाबाचा दोराही झाला. दोरा बांधताना बाबानं तिला आपला हात घट्ट धरायला सांगितला. मग सोडवता सोडवता बाबाच घामाघूम.

शेवटी नांदेडच्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी छोट्या हातोडीनं मंगलच्या अंगठ्याच्या बुडाला टकदिशी मारलं. अंगठा आत वळला आणि तिथंच बसला. डॉक्टर खूश! मग दंडात सुई घालून यंत्र लावलं, आणि त्या यंत्रातून काय आवाज यावा? मोटारसायकल लांबून आली, जवळून गेली, लांब विरली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मंगल म्हणाली, “आवो, माझ्या दंडात कोण गाडी चालवायलंय?”

डॉक्टरांनी मराठीत समजावून सांगितलं. स्नायू आवळतो, पण सैल पडायला वेळ लावतो. याचे दोन प्रकार. एक साधा: जन्मभर सोबत राहतो, माणसाला छळतो, पण माणूस म्हातारा होऊन आपल्या मरणानं मरतो. दुसरा वाईट: स्नायू झडत जातात, लवकर मोतीबिंदू होतो, पुढचे केस जातात, हृदयाचे ठोके चुकतात, कधी कधी तरुणपणीच अचानक खेळ संपतो. दोन्ही बहुतेक घराण्यातून येतात. रक्ताचा नमुना लांब पाठवायचा होता, त्याला वेळ लागणार होता. “तोवर एक काम करा,” ते म्हणाले. “नातेवाइकांच्या मुठी बघून या. यांच्या आई कशानं गेल्या?”

मंगलला माहीत नव्हतं. ती चार वर्षांची असेल तेव्हा आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आईच्या माहेरचं येणं-जाणं तुटलं. आजोळ ‘जिंतूरकडं कुठंतरी’ एवढंच तिला ठाऊक. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “तेच शोधा आधी.”

आता माझं सांगतो. डॉक्टर घराणं म्हणाले आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. मंगल बरीच वर्षं माझ्या दुकानात कॉइल भरायला बसायची. मागच्या बंद खोलीत मी मोटारी वार्निशमध्ये बुडवायचो आणि भट्टीत भाजायचो, आणि तो वास खात ती तिथंच बसायची. तिची बोटं माझ्या वार्निशनं आखडली असं मी मनाशी धरून बसलो होतो. कुणाला बोललो नव्हतो. डॉक्टरांनाही नाही. म्हणून मी या प्रवासाला निघालो तो काही बायकोच्या काळजीनंच नाही. रोग तिच्या माहेरचा निघावा, माझा निघू नये, असं मला फार फार वाटत होतं. लाज वाटते लिहायला, पण पिशवी भरताना मी शीळ घालत होतो.

झरी

झरीला मंगलचा भाऊ ज्ञानोबा, दुसऱ्या आईचा, पण जीव लावणारा. संक्रांत तोंडावर आलेली, अंगणात तुरीच्या तुराट्यांचा ढीग, ओट्यावर ऊन. “आक्का आली, दाजी आले!” म्हणत त्यानं बाज टाकली. भावजयीनं सुशीला केला. आमच्याकडं मराठवाड्यात भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या फोडणीला सुशीला म्हणतात. पुण्याकडचा पाहुणा आला की हे बाईचं नाव आहे का म्हणून विचारतो, आणि मग दुसऱ्यांदा ताट पुढं करतो. परभणीत आम्ही त्यात लिंबू पिळतो, झरीत हिरव्या मिरचीचा ठेचा कालवतात. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी हात आखडला नाही.

खाऊन झाल्यावर मी कामाला लागलो. खिशातून कागद काढला आणि विचारलं, “ज्ञानोबा, तुमच्या आजोबाला लेकरं किती? कोण कोणाचं, सांगा बरं ओळीनं.”

ज्ञानोबानं नावं सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला त्याचा आवाज बारीक झाला.

“त्यांच्यात हयात कोण कोण?” मी विचारलं.

तो बायकोकडं बघायला लागला. बायको चहाचं आधण ठेवायला निघाली होती, ती दारातच थांबली.

“आता मूठ आवळा घट्ट. आवळलीत? आता सोडा.” त्याची मूठ फटकन उघडली. मी हातोडी काढली, म्हणजे दुकानातली बेअरिंग ठोकायची लहान हातोडी, तिला मी चिंधी गुंडाळली होती. “आता अंगठा इकडं द्या.”

ज्ञानोबानं दोन्ही हात काखेत घातले. “दाजी,” तो म्हणाला, “दोन मिनिटं बसा, आलोच.” आणि परत आला तो शेजारच्या विठ्ठलतात्यांना घेऊन. कोर्टकचेरीतलं गावात त्यांनाच कळतं म्हणे.

तात्या समोर मांडी घालून बसले. “पावनं, सरळ बोला. किती एकरावर दावा हाय?”

मी गार. मंगलला मात्र लगेच उमजलं. आमच्या भागात लग्न झालेली बहीण नवऱ्याला घेऊन येते, वंशावळ लिहून घेते, वर अंगठा मागते, तेव्हा तिला वडिलांच्या जमिनीत वाटा पाहिजे असतो. दुसरं कशाला पाहिजे असणार? तिला हसू फुटलं. हसताना तिनं डोळे मिटले आणि ते उघडेचनात. ही पण त्याच रोगाची तऱ्हा, पापण्यासुद्धा सुटायला वेळ लावतात. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, “ज्ञानू, अरे जमीन न्हाई पायजे. मी कशानं आजारी हाय ते पायजे!”

मग सगळं सांगितलं. ज्ञानोबाच्या तोंडावर असं ऊन पडलं की काय सांगू. “आक्का, एवढंच व्हय? मला वाटलं दाजी बिघडले.” त्यानं गल्लीतले सगळे चुलते, पुतणे, सुना बोलावल्या. ओट्यावर पंचवीसेक माणसं ओळीनं बसलेली आणि मी पुढं उभा: “आवळा… सोडा! आवळा… सोडा!” पलीकडून एक म्हातारी विचारत आली, “योगा शिकवायलेत का?” आणि तीही बसली. तिचा आमच्या नात्याशी काही संबंध नव्हता. सगळ्यांच्या मुठी फटाफट उघडल्या.

म्हणजे वडिलांकडून काही नाही. आईचं ज्ञानोबाला काहीच माहीत नव्हतं. “मानवतच्या आत्यालाच ठावं असंल. मोठ्या आईचं लगीन तिनंच पाह्यलंय.” निघताना त्यानं तुरीच्या शेंगांचं गाठोडं दिलं, बहिणीच्या पाया पडला, आणि मला जरा बाजूला घेतलं. “दाजी, आलाच हाव तर… जमिनीचं हक्कसोडपत्र करून देता का?”

मंगलला ऐकू गेलं. ती म्हणाली, “देते की. सही करायला पेन धरला तर सोडवायला तुलाच यावं लागंल.”

मानवत

मानवत म्हणजे या दिवसांत कापूस. रस्त्यावर कापूस, तारांवर कापूस, लोकांच्या मिशांत कापूस. आत्याचा मुलगा शिवाजी अडतीवर असतो. त्यानं आधी तिथंच बोलावलं. त्यानं टोपी काढून नमस्कार केला. पुढून पूर्ण टक्कल! त्याच्यामागं त्याचा भाऊ, तोही टकला. पुतण्या, पंचविशीतला, कपाळ मागं सरकायला लागलेलं. डॉक्टरांचे शब्द आठवले: पुढचे केस जातात. मी तिघांच्या मुठी तिथंच आवळून घेतल्या. सुटल्या. मग विचारलं, “हे केस कुणाकडून?” शिवाजी म्हणाला, “बापाकडून, जमिनीसंगट आलेत.” म्हणजे आत्याच्या सासरचे केस. मंगलशी त्यांचा संबंध नाही. टक्कल बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणाची तरी मिरवणूक आली आणि कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मंगल दचकली, ताठ झाली आणि उभीच्या उभी मागं गेली. मी धावलो, पण मागं कापसाचा ढीग होता. ती त्यात सरळ आडवी रुतली, नाक तेवढं वर. हमाल “बाई मेल्या, बाई मेल्या” म्हणून ओरडायला लागले. कापसातून आवाज आला, “मेले न्हाई, लय मऊ हाय. राहू द्या थोडा वेळ.”

आत्या घरी होती. नव्वदीला टेकलेली, कान गेलेले, जीभ शाबूत. मंगलनं तिच्या कानात ओरडून विचारलं, “आत्ये, माझी माय कशानं गेली?”

“तुझी माय?” आत्या सावकाश म्हणाली. “लय देखणी. पर बसल्या जागी ताठ व्हायची बघ. घागर उचलली की हात सुटायचा न्हाई. मी म्हणायची, हिला काय व्हतंय? लय दिवस न्हाई राह्यली. गेली.”

“पर कशानं?”

“गेली माय. ताठ व्हायची. तरणीताठी गेली.”

पुढं काही निघेना. मी दुसऱ्या बाजूनं ओरडलो, शिवाजी ओरडला, तिची तीच दोन वाक्यं. ताठ व्हायची. गेली. मी जे शोधत होतो ते सापडलं होतं: रोग आईचाच, माझ्या वार्निशचा नाही. आणि मी तिथं बसून मंगलच्या हाताकडं बघत होतो आणि मला वाटत होतं, वार्निशचाच असता तर बरं झालं असतं. वार्निशनं माणूस तरुणपणी अचानक मरत नाही, निदान मी तरी ऐकलेलं नाही. रात्री जेवायला येसरची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी होती. परभणीत आमच्या घरी महिन्यातून एकदा होते आणि मी तीन वाट्या पितो. त्या दिवशी अर्धीही गेली नाही. मंगलनं माझी वाटी उचलून स्वतः पिऊन टाकली.

सकाळी निघताना आत्यानं आपणहून मंगलचा हात धरला. “तुझ्या मायची धाकली भैन हाय की अजून. सरू. जिंतूरच्या वर डोंगरात, शेरडं राखती.” आणि तिनं गावाचं नाव सांगितलं. काल तीन माणसं ओरडून थकली, तेव्हा हे का सांगितलं नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “तुमी कुठं इचारलाव?”

जिंतूरच्या पुढं

जिंतूरपर्यंत एसटी, पुढं काळी-पिवळी जीप, पुढं पाय. सपाट काळ्या रानात वाढलेल्या माणसाला तो भाग परका वाटतो. माती लाल होत जाते, दगड वर येतात, सोयाबीन काढलेली शेतं उतारावर पायऱ्यांसारखी दिसतात. गार वारा सुटला होता. मंगलचे पाय चढणीला दोनदा आखडले. दर वेळी ती उभ्या उभ्या घोटे गोल फिरवायची, मग चालायची. मी पिशव्या धरून मागं. डोक्यात एकच: मावशी किती वयाची असेल, कशी असेल, आहे की नाही.

गावाच्या टोकाला कुडाचं घर, दारात शेळ्या, मेंढ्या, आणि उन्हात बसलेली एक म्हातारी. मंगलनं लांबूनच हाक मारली, “मावशे! मी झरीची मंगल, तुझ्या बहिणीची!”

म्हातारीनं कपाळावर हात धरून बघितलं. “माय माजे!” ती ओरडली. पण उठली नाही. बसल्या जागी दोन्ही पाय पुढं पसरून घोटे गोल गोल फिरवायला लागली. “थांब मंगे, थांब, पाय जागे व्हऊ दे… आले, आले…”

मी पिशव्या खाली टाकल्या. तुरीच्या शेंगा उतारावरून घरंगळत गेल्या आणि शेळ्यांनी त्या धरल्या, धरू देत! मी मावशीपुढं उकिडवा बसलो आणि ओरडलो, “मूठ आवळा! मावशी, मूठ आवळा घट्ट!”

तिनं दचकून आवळली.

“आता सोडा!”

सुटली नाही. मी हसलो. पहिलं बोट, दुसरं बोट, सावकाश, कुरकुरत. मी टाळ्या वाजवल्या. चिंधीची हातोडी काढून अंगठ्याच्या बुडाला टक केलं. अंगठा आत वळला आणि बसला. मी उडी मारली. खरंच मारली, या वयात.

“मंगे,” मावशी म्हणाली, “जावई येडा हाय का गं?”

“न्हाई मावशे. मोटारी दुरुस्त करतेत.”

मग मी एकामागं एक विचारत सुटलो. वय? ते ठाऊक नाही, पण नातवाला मिशा फुटून जुन्या झाल्या. डोळे? एकाचा मोतीबिंदू काढला, तो आत्ता म्हातारपणी. छातीत धडधड, चक्कर? “शेरडं वर पळाली की व्हती.” हातपाय झडलेत का? तिनं लुगडं वर करून पोटरी दाखवली. पोटरी कसली, पहिलवानाची मांडी!

“आणि माझी माय?” मंगलनं विचारलं. माझं हसू थांबलं.

“काविळीनं गेली की. डोळे हाळदीवानी पिवळे. तुझ्या बापानं झाडपाल्याचं देलं, दवाखान्यात नेली तवर उशीर. तुला कुणी सांगटलं न्हाई?”

“ताठ होऊन गेली म्हणतेत.”

“ताठ तर आमी समदेच व्हतो! माझा बाप व्हायचा, तुझी माय व्हायची, मी व्हते, माझा थोरला व्हतो. त्यानं कोणी मरतंय का? बाप शेतात कडब्याच्या पेंढ्यांवर पेंढ्या बांधायचा, म्हातारा व्हऊन गेला.”

मी जिथं मोबाइलला रेंज येते त्या दगडावर चढलो आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मोतीबिंदू कोणत्या वयात, ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, “रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या, हृदयाची पट्टी काढू, मग गोळी सुरू करू. पण माझी बारा आणे काळजी गेली. मावशींना माझा नमस्कार सांगा.” मी दगडावरूनच ओरडून सांगितला. मावशी म्हणाली, “त्येला म्हण, शेरडाचं दूध प्याला ये.”

तिनं ज्वारीच्या भाकरी थापल्या. पहिली भाकरी तव्यावर सोडायला तिचा हात वेळ घेत होता, तर मंगल बाजूला बसून अगदी तसंच करत होती, आणि दोघी एकमेकींकडं बघून पोट धरून हसत होत्या. दूध, गूळ, भाकरी, वर लसणाची चटणी. मी पाच खाल्ल्या.

खाता खाता मी सहज विचारलं, “मावशी, लग्नाच्या वेळी आमच्याकडं कुणी हे सांगितलं नाही.”

“कामून सांगावं?” ती म्हणाली. “तिच्या मायचं बी लपिवलं, माझं बी लपिवलं. हाताचं सांगून पोरगी कोण करतंय? तुमी केली असती का, जावईबापू?”

मंगल भाकरी उलटत होती. तिनं वर बघितलं नाही. कुणीही शहाणा माणूस इथं ‘केली असती’ म्हणाला असता. मी हा आठवडाभर इतकं खोटं मनात घेऊन फिरलो होतो की आणखी एकाला जागाच नव्हती.

“नाही,” मी म्हणालो. “नसती केली.”

मावशीनं मान हलवली, जणू भाव बरोबर सांगितला. “खरं बोलतो. येडा हाय, पर खरं बोलतो.” आणि सहावी भाकरी वाढली.

परतीच्या एसटीत मंगल खिडकीशी बसली. मी म्हटलं आता उरलंय काय, आणि वार्निशचं सगळं सांगितलं. बंद खोली, भट्टी, वास, शीळ, सगळं.

“मला ठाऊकच हाय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तुमी भट्टी मागच्या पत्र्याखाली नेलीत ना, तवापासून. अन मला लहानपणापासूनच व्हतंय म्हणून डॉक्टरला मीच सांगितलं न्हाई का? वार्निश काय लहानपणी प्याले मी?”

“मग मला बोलायचं! दोन वर्षं झोप नाही मला.”

“बोलले असते,” मंगल शांतपणे म्हणाली, “तर रोजची भांडी कुणी घासली असती?”

दोन वर्षं रोज सकाळी गार पाण्यात भांडी मीच घासत होतो. तिचा हात आखडू नये म्हणून, असं मी तिला सांगत होतो. बोरीचा थांबा आला, माणसं उतरली, माणसं चढली. शेवटी मी म्हणालो, “बरं. भांडी माझ्याकडंच राहू दे. पण तवा नाही. तवा तू घासायचीस, काळं निघत नाही त्याचं.”

“तवा बी तुमीच,” ती म्हणाली. “मावशीला ‘नाही’ म्हणालाव, त्याचा दंड.”